रंगीत काच आणि अडखळते वाचन



वाचताना अक्षरे हलतात, ओळी एकमेकींत मिसळतात, पांढरा कागद डोळ्यांवर येतो, थोड्या वेळाने डोके दुखू लागते, अशी तक्रार एखादे मूल करते तेव्हा ती खरी मानावी, असे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. त्याला काय दिसते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही. अभ्यास टाळायची निमित्ते आहेत म्हणून अशा मुलांना गप्प करण्याची आपली जुनी सवय वाईटच होती. वाद आहे तो तक्रार मान्य केल्यानंतरचा. या तक्रारीवर उपाय म्हणून रंगीत प्लास्टिकचा पारदर्शक कागद पुस्तकावर ठेवायचा किंवा रंगीत काचेचा चष्मा लावायचा, असे गेली चाळीस वर्षे सांगितले जात आहे. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात या उपायाभोवती मोठी व्यवस्था उभी राहिली आणि आता आपल्याकडचे हवालदिल पालकही मोबाइलवर त्याची माहिती वाचू लागले आहेत. या उपायाविषयी मला एकच गोष्ट मांडायची आहे. डोळ्यांना आराम पडणे आणि वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांचे पुरावे निराळे लागतात. रंगीत काचेच्या बाजूने जो थोडाफार पुरावा आहे तो आरामाचा आहे, आणि तो दाखवून विक्री मात्र वाचनाची होते.

वाचन न येणाऱ्या मुलांचा प्रश्न वैद्यकात आला तो डोळ्यांच्या वाटेनेच. ‘डिस्लेक्सिया’ म्हणजे वाचनअक्षमता, हा शब्द १८८७ मध्ये वापरात आणला तो रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने. ग्लासगोचे जेम्स हिन्शेलवुड, ज्यांनी या विषयावर पुढे बराच अभ्यास केला, तेही डोळ्यांचेच शल्यचिकित्सक. मूल वाचत नाही, म्हणजे त्याला नीट दिसत नसणार, हा तर्क कोणत्याही आईबापाला सुचेल असाच आहे. पण याच सुरुवातीच्या काळातली एक नोंद विसरण्यासारखी नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा हुशार, गणितात तरबेज, आकडे बिनचूक वाचणारा. पण साधे शब्द त्याला वाचता येत नसत आणि स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरांची अदलाबदल होई. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मॉर्गन यांनी त्याचे डोळे तपासले आणि ते चांगले असल्याची नोंद केली. म्हणजे दृष्टी उत्तम असूनही वाचन अडू शकते, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच कागदावर आले होते.

१९८३ या एकाच वर्षी या प्रश्नाच्या दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. न्यूझीलंडच्या शिक्षिका ऑलिव्ह मिअर्स यांनी १९८० मध्ये असे लिहिले होते की काही मुलांना पांढऱ्या कागदावरचे काळे अक्षर त्रास देते आणि कागदाचा रंग बदलला की तो त्रास कमी होतो. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लेन यांनी १९८३ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात याच प्रकारचे निरीक्षण एका स्वतंत्र विकाराच्या रूपात मांडले. पुढे त्या विकाराला त्यांचेच नाव मिळाले आणि त्याचे निदान करणाऱ्यांना प्रशिक्षण देणारी केंद्रे निघाली. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी ‘नेचर’ नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. चार आणि पाच वर्षांची चारशेहून अधिक मुले वाचायला शिकण्यापूर्वी त्यांनी तपासली होती. एका गटातला कोणता शब्द आवाजाने इतरांपेक्षा वेगळा आहे, हे ज्या मुलांना ओळखता येई, ती पुढे वाचनात सरस ठरली. त्यांनी एवढ्यावर न थांबता कच्च्या मुलांपैकी ६५ जणांचे गट करून दोन वर्षे शिकवून पाहिले. ध्वनी ओळखण्याचा सराव आणि त्याच्या जोडीला प्लास्टिकची अक्षरे हाताळणे, असे दोन्ही ज्यांना मिळाले ती मुले सर्वांत पुढे गेली. वाचनाचे मूळ कानाने ऐकलेल्या ध्वनीची डोळ्यांनी पाहिलेल्या खुणेशी सांगड घालण्यात आहे, या समजुतीला तेव्हापासून सतत बळ मिळत गेले. दोन्ही कामे एकाच वर्षीची, तरी पालकांच्या कानावर रंगीत चष्मा आधी पडतो. चष्मा विकत आणता येतो. ध्वनीचा सराव मात्र कोणीतरी रोज, वर्ष-दोन वर्षे, मुलाजवळ बसून करून घ्यावा लागतो.

रंगाच्या बाजूचे सर्वांत गंभीर संशोधन केंब्रिजमध्ये आरनॉल्ड विल्किन्स यांनी केले आणि ते आदराने वाचण्यासारखे आहे. विल्किन्स मुळात प्रकाशामुळे येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा अभ्यास करत होते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ठरावीक जाडीची आकृती पाहिली की काही रुग्णांना झटका येतो. निरोगी माणसालाही अशा पट्ट्यांकडे टक लावून पाहताना त्या थरथरल्यासारख्या वाटतात, त्यांत रंग दिसू लागतात, आणि अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना हे अधिक जाणवते. छापील पानावरच्या ओळी म्हणजे अशाच पट्ट्या आहेत, असे विल्किन्स यांच्या लक्षात आले. मग त्यांनी एक यंत्र तयार केले. मूल त्यात डोकावून मजकुराकडे पाहते आणि त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग, रंगाची तीव्रता आणि उजेड या तीन गोष्टी स्वतंत्रपणे बदलता येतात. सर्वांत सुखावह वाटणारी छटा सापडली की त्याच छटेच्या काचा बनवायच्या. १९९४ मध्ये त्यांनी या काचांची जी चाचणी प्रसिद्ध केली तिची रचना बारकाईने पाहावी. प्लास्टिकच्या रंगीत कागदाने बरे वाटते असे सांगणारी ६८ मुले निवडली. प्रत्येकाला दोन चष्मे दिले, एक नेमक्या छटेचा, दुसरा तिच्या अगदी जवळच्या पण त्या मुलाला न मानवलेल्या छटेचा. डोळे रंगाला सरावतात आणि जवळच्या छटा आठवणीत ठेवणे कठीण असते, म्हणून कोणता चष्मा खरा हे मुलाला ओळखता येत नाही. प्रत्येक चष्मा महिनाभर वापरायचा आणि त्रास किती झाला याची रोज डायरी ठेवायची. ज्या मुलांनी डायऱ्या पूर्ण केल्या त्यांच्यात खऱ्या चष्म्याच्या दिवसांत त्रास कमी नोंदला गेला. पण डायऱ्या पूर्ण करणारी मुले होती ३६ म्हणजे जवळपास निम्मीच, आणि वाचनाच्या प्रमाणित चाचणीत दोन्ही चष्म्यांमध्ये ठळक फरक आढळला नाही. रंगीत काचेच्या समर्थकांचा सर्वांत भक्कम पुरावा हाच, आणि तोही आराम आणि वाचन यांची फारकत दाखवतो.

वाचनाची थेट परीक्षा स्कॉटलंडमध्ये झाली. स्टुअर्ट रिची, सर्जिओ डेला साला आणि रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी वाचनात मागे असलेली सात ते बारा वयाची ६१ मुले घेतली. त्यांची तपासणी अर्लेन पद्धतीच्या प्रशिक्षित तज्ज्ञाने केली आणि त्यांपैकी ४७ जणांना हा विकार असल्याचा निर्णय दिला, म्हणजे चारांतल्या तिघांहून अधिक. मग मुलांच्या तीन परीक्षा घेतल्या : सुचवलेल्या रंगाच्या कागदाखाली, दुसऱ्याच रंगाच्या कागदाखाली आणि रंगाशिवाय. २०११ मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’मध्ये आलेला निष्कर्ष असा की तिन्ही वेळा वाचन सारखेच होते. वर्षभराने काही मुलांची पुन्हा पाहणी केली तेव्हाही रंगामुळे प्रगती झालेली दिसली नाही. या प्रयोगाची खुबी त्या दुसऱ्या रंगात आहे. ‘रंग लावला आणि मूल भराभर वाचू लागले’ असे पालक सांगतात ते खोटे नसते. नवी वस्तू मिळाली, कोणीतरी आस्थेने आपल्याकडे पाहिले, आता बरे वाटणार असे मोठ्यांनी सांगितले, तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचायला मिळाला, या प्रत्येक कारणाने मूल थोडे भराभर वाचते. रंगाचे स्वतःचे श्रेय किती, हे चुकीच्या रंगाशी तुलना केल्याशिवाय कळतच नाही.

या क्षेत्रात वाचनाचा वेग मोजायला जी चाचणी सर्रास वापरतात तीही जवळून पाहू. पंधरा अगदी सोपे इंग्रजी शब्द, दहा ओळी, प्रत्येक ओळीत तेच पंधरा शब्द उलटसुलट क्रमाने. अर्थ काहीच नाही. मिनिटभरात किती शब्द मोठ्याने वाचले ते मोजायचे आणि रंगीत कागदाखाली वेग पाच टक्के वाढला तर फायदा झाला असे धरायचे, असा एक प्रघात आहे. ओळींचा गजबजाट डोळ्यांना किती सतावतो हे मोजायला ही चाचणी कल्पक आहे. पण अनोळखी शब्द फोडून वाचणे आणि वाचलेल्याचा अर्थ लावणे, ज्यात ही मुले खरोखर अडतात, ते तिच्यात येतच नाही. शिवाय तीच चाचणी रंगाशिवाय पुन्हा घेतली तरी पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. ब्रिटनमधील फिलिप ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तोवरच्या सगळ्या अभ्यासांची पद्धतशीर छाननी केली आणि वाचनाच्या अडचणींवर रंगीत काचा किंवा कागद सुचवण्यास पुरावा आधार देत नाही, असे स्पष्ट लिहिले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून हीच भूमिका घेतली होती.

समर्थकांचे आक्षेप ऐकून घ्यायलाच हवेत. ब्रूस इव्हान्स आणि पीटर अॅलन यांनी त्याच २०१६ मध्ये वेगळा आढावा लिहिला आणि पुरावा रंगाच्या बाजूने झुकतो असे मत दिले. त्यांच्या गटाचे म्हणणे असे की वाचनात मागे पडलेली सरसकट मुले घेऊन प्रयोग केला तर रंगाचा फायदा दिसणार नाही. ज्यांना खरोखर डोळ्यांचा ताण जाणवतो तीच मुले निवडली पाहिजेत. हा आक्षेप तर्काला धरून आहे आणि म्हणूनच त्याचा शेवट कुठे होतो ते पाहावे. हे मान्य केले तर रंगीत काच हा वाचनअक्षमतेवरचा उपाय उरत नाही, काही थोड्या लोकांच्या डोळ्यांच्या ताणावरचा उपाय ठरतो. विल्किन्स यांच्या मूळ कल्पनेशी ते सुसंगतच आहे. पण जो प्रचार पालकांपर्यंत पोहोचतो त्यात एकूण लोकसंख्येपैकी बारा ते चौदा टक्के आणि वाचनात अडचण असणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना हा विकार आहे, असा दावा असतो. एवढे मोठे जाळे टाकायचे आणि आक्षेप आला की गळ अगदी बारीक होता म्हणायचे, हे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक मायेचा आहे : मुलाला बरे वाटते ना, मग लावू दे चष्मा, नुकसान काय? काही वेळा खरोखरच नुकसान नसते. दहावीतल्या मुलीला पिवळसर कागदावर वाचायला सुखाचे वाटत असेल तर तिने जरूर पिवळसर कागद वापरावा, त्यासाठी कुणाच्या निदानाची गरज नाही. नुकसान होते ते सहा ते नऊ या वयात. वाचनाचा पाया घालण्याची ही वर्षे. चष्मा लागला, आता सुधारेल, म्हणून घर आणि शाळा दोघेही निर्धास्त होतात. छटा बदलण्यात, पुन्हा तपासण्यात वर्ष जाते आणि तेवढ्या काळात वर्गातली बाकीची मुले गोष्टीची पुस्तके वाचू लागलेली असतात. त्या वर्षाची किंमत चष्म्याच्या बिलात दिसत नाही.

आता डोळ्यांच्या तपासणीकडे वळतो, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. अक्षरे धूसर होणे, ओळी दुहेरी दिसणे, कपाळ दुखणे, डोळे चोळणे, ही अर्लेन पद्धतीच्या प्रश्नावलीत येणारी लक्षणे डोळ्यांच्या साध्यासुध्या दोषांचीही लक्षणे आहेत. सात वर्षांच्या मुलाला प्लस तीनचा नंबर आहे असे समजा. सहा मीटरवरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ते बहुधा बिनचूक वाचेल, कारण या वयात डोळ्यातले भिंग लवचीक असते आणि ते ताण देऊन नंबर झाकून टाकते. तक्ता वाचला, डोळे उत्तम, असा शेरा मिळतो. तेच मूल एक फुटावर पुस्तक धरते तेव्हा नंबर झाकायला तीन आणि जवळचे पाहायला आणखी तीन, असा सहा डायऑप्टरचा ताण त्याच्या डोळ्यांवर पडतो. दहा मिनिटे ते निभावते, मग अक्षरे विरघळू लागतात. हा लपलेला नंबर शोधायचा तर डोळ्यांत थेंब घालून भिंगाचा ताण सैल करावा लागतो आणि मग रेटिनोस्कोप या नंबर मोजण्याच्या उपकरणाने पाहावे लागते. अर्ध्या तासाचे, कमी खर्चाचे काम आहे. दुसरा दोष दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र न वळण्याचा. पेनाचे टोक नाकाकडे हळूहळू आणत गेले की एका अंतरावर मूल सांगते, आता दोन दिसतात. साधारण सहा सेंटीमीटरच्या आत असे झाले तर ठीक, बरेच आधी झाले तर पुढची तपासणी हवी. याशिवाय छुपा तिरळेपणा आणि डोळ्यांचा कोरडेपणा पाहायचा राहतोच. हे सगळे न पाहता रंगाची छटा निवडायला बसणे याला मी हलगर्जीपणा म्हणेन, मग यंत्र कितीही महाग असो.

मात्र इथेही आरामाची गल्लत वाचनाशी करायची नाही, हे मला नेत्रतज्ज्ञांच्या बाजूलाही सांगितले पाहिजे. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या परिसरात जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सात ते नऊ वर्षांच्या ५,८२२ मुलांपैकी १७२ वाचनात फारच मागे होती आणि डोळ्यांच्या एकेका चाचणीत त्यांतली पाचांपैकी चार मुले निर्दोष निघाली. त्याहून बोलका आहे अमेरिकेतला २०१९ चा प्रयोग. डोळे एकत्र न वळण्याचा दोष असलेली ३११ मुले घेतली, काहींना दवाखान्यात खरे व्यायाम आणि काहींना तसेच दिसणारे लुटुपुटीचे व्यायाम दिले. खऱ्या व्यायामांनी डोळे सुधारले, यात शंका नाही. वाचलेल्याचे आकलन मात्र दोन्ही गटांत सारखेच वाढले. दोष खरा, उपाय खरा, डोळ्यांचा गुण खरा, आणि तरी त्यातून वाचन आपोआप आले नाही. साध्या चष्म्याने काही मदत होते. बाल्टिमोरच्या शाळांत चष्मे वाटून केलेल्या मोठ्या प्रयोगात पहिल्या वर्षाअखेर वाचनाचे गुण थोडे वाढले, पण दुसऱ्या वर्षी तो फरक टिकला नाही. स्वच्छ दिसणे हा मुलाचा हक्क आहे, त्यासाठी गुणांचा दाखला लागू नये. पण स्वच्छ दिसू लागलेल्या मुलाला वाचायला शिकवायचे काम शिल्लकच राहते.

रंगीत काच निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. जिथे तिचे काम सिद्ध होत आले आहे तिथे ती आपण जास्त वापरायला हवी. इटलीत प्रकाशाने झटके येणाऱ्या ६१० रुग्णांवर एका विशिष्ट निळ्या काचेची चाचणी झाली. मेंदूच्या आलेखातला दोष ४६३ जणांत नाहीसा झाला आणि १०९ जणांत बराच कमी झाला. बर्मिंगहॅममध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अर्धशिशी असलेल्या मुलांना गुलाबी छटेचे चष्मे दिले, तेव्हा महिन्याला सरासरी सहाच्या वर येणारे झटके दोनच्या आत आले. या दोन्ही ठिकाणी मोजले काय? झटके आणि मेंदूचा आलेख. दावा जेवढा तेवढेच मोजमाप. आणि छपाईचा त्रास कमी करायचा तर काचेच्या आधी पानाकडे पाहावे. अक्षरांमधली जागा वाढवली की वाचनअक्षमता असलेली इटालियन आणि फ्रेंच मुले अधिक बिनचूक वाचतात, असे २०१२ मध्ये दिसून आले. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरणे ही आपल्या बालवर्गातली जुनी युक्तीही ओळींचा गजबजाट कमी करते आणि तिला पैसे पडत नाहीत.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचे पाऊल आपल्या राज्याने १९९६ मध्येच उचलले. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ मध्ये आली. लहान मुलांची गावोगावच्या अंगणवाड्यांत आणि शाळांत आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, आणि त्याच्या यादीत दृष्टिदोषही आहे व अध्ययनातील अडचणही आहे. म्हणजे दोन्ही वाटा कागदावर उपलब्ध आहेत.

या सभागृहात शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर काम करणारी मंडळी मोठ्या संख्येने आहेत. त्यांना माझी विनंती आहे. वाचनात अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाची दृष्टी लांबच्या तक्त्याबरोबर जवळच्या अंतरावरही पाहा आणि तक्रार असेल तर थेंब घालून तपासणी करण्यासाठी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. ती चिठ्ठी देताना त्याच आठवड्यात अध्ययन अक्षमतेच्या मूल्यमापनासाठीही नाव नोंदवा, एकाचा निकाल येईपर्यंत दुसरे थांबवू नका. कोणी रंगीत चष्मा सुचवला तर पालकांना एवढे विचारायला सांगा : दुसऱ्या रंगाशी, मुलाला न सांगता, तुलना केली का, आणि सुधारणा झाली ती कशात, त्रासात की वाचनात? आणि निकाल काहीही लागो, चष्मा लागो वा न लागो, ध्वनी आणि अक्षर यांच्या सरावाचा त्या मुलाचा रोजचा तास उद्यापासून सुरू करा.